गळती शून्य

नव्या रांजणातून पाणी किती झिरपतं, हे मी मोजलं होतं. दीडशे लिटरच्या रांजणातून चोवीस तासांत अडीच लिटर. मग आतून मधमाशीचं मेण लावलं आणि पुन्हा मोजलं. नोंदवहीत लिहिलं : गळती शून्य. खाली सही केली, तारीख टाकली. अंबरनाथच्या एका रसायन कारखान्यात एकतीस वर्षं गुणवत्ता तपासणीत काढल्यावर शून्य हा आकडा आवडायला लागतो.

रांजण सहा होते आणि ते अनुयाचे होते. अनुया माझ्या मैत्रिणीची मुलगी. अन्नतंत्रज्ञान शिकली आणि तीन वर्षांपूर्वी स्पेनमधल्या एका लहान वायनरीत द्राक्षांच्या हंगामापुरती काम करायला गेली. परत आली ती मडक्यांविषयी बोलतच. तिथल्या उजाड पठारावर डोंगराच्या पोटात खोदलेलं एक तळघर आहे. त्यात माणसापेक्षा उंच मातीचे रांजण ओळीनं उभे आहेत, काही तर मालकिणीच्या पणजोबांच्या वेळचे. मालकिणीचं नाव इनेस. वेलींमधलं गवत तिच्या मेंढ्या खातात, बाटल्या धुतलेलं पाणी वेलींना जातं, छपरावर सौर पट्ट्या आहेत, आणि प्रत्येक रांजणात तापमान मोजणारी तार सोडलेली असूनही ती रोज सकाळी एकेका रांजणाला कान लावून आतली फसफस ऐकते. तार खोटं सांगत नाही, पण उशिरा सांगते, असं तिचं म्हणणं.

अनुयानं बदलापूरहून बारवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जुनं भाताचं गोदाम भाड्यानं घेतलं. द्राक्षं आपल्याकडे नाहीत. जांभळं आहेत, आणि बदलापूरच्या जांभळांना कमीपणा घेण्याचं कारण नाही. तिनं कुंभाराकडून रांजण करवून घेतले. आतून मेण लावायचं आहे म्हटल्यावर कुंभार हसला होता. "मग रांजण कशाला ताई? पिंप घ्या की." आम्ही त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. स्पेनमध्ये मेण लावतात. इनेसनं मेणाची जाडीसुद्धा कळवली होती. मी तेवढीच जाडी लावून घेतली, पाव मिलिमीटरचाही फरक पडू दिला नाही.

जांभळं नवसीकाकीच्या वाडीवरची. नवसीकाकी पन्नाशीच्या पुढची, बारीक, उन्हानं काळवंडलेली, आणि फळाच्या बाबतीत माझ्याइतकीच काटेकोर. जमिनीवर पडलेलं जांभूळ तिच्या टोपलीत कधी सापडायचं नाही. प्रत्येक झाडाखाली पहिली ओंजळ नैवेद्यासारखी ठेवायची, मगच टोपलीसाठी तोडायला सुरुवात. टोपलीत तळाला जांभळाचाच पाला, वर फळ, पुन्हा पाला. मी एकदा वीस टोपल्यांतलं खराब फळ मोजलं होतं. शंभरात एकसुद्धा भरलं नाही.

घरच्या सामाईक शेताच्या बांधावर अकरा झाडं होती. तिचा दीर हिरामण ती तोडायला निघाला होता. लाकूडवाल्याशी बोलणं झालं होतं, परवानगीचा कागदही आला होता. हिरामणचं चुकत होतं असं मला म्हणता येणार नाही. झाडांची सावली दोन खाचरांवर पडायची आणि सावलीतला भात पोसत नाही, हे त्यानं मला पोचट लोंब्या हातात देऊन दाखवलं होतं. मे महिन्यात अनुया त्याच्या अंगणात जाऊन बोलली तेव्हा मी सोबत होते.

"या वर्षीची वाइन नीट झाली, तर या अकरा झाडांचं फळ मी दर वर्षी घेईन. लिहून देते."

"आनि नाय झाली तर?"

अनुयानं खोटं बोलायचं टाळलं. "नाही झाली तर मला पुढच्या वर्षी काही घेता येणार नाही."

"मंग नाय झाली तर झाडं माजी," हिरामण म्हणाला. नवसीकाकी ओसरीवर उभी होती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

रस रांजणांत भरला त्याला तीन दिवस झाले होते. पहिले दोन दिवस सगळं पुस्तकात असतं तसं झालं. साखर घालून रसाचा गोडवा एकवीसवर आणला होता. म्हणजे शंभर ग्रॅम रसात एकवीस ग्रॅम साखर. फळाच्या सालीवरच जे यीस्ट असतं ते ही साखर खातं आणि तिचं मद्य करतं. गोडवा एकवीसचा अठरा झाला, अठराचा तेरा. तिसऱ्या दिवशी सकाळी तेरा होता. दहा वाजता तेरा. बारा वाजताही तेरा.

तापमान पाहिलं. सदतीस. पत्र्याच्या पश्चिम भिंतीजवळच्या दोन रांजणांत एकोणचाळीस. यीस्टला पस्तिशीच्या पुढे सोसत नाही, आणि साखर खाताना ते स्वतःही उष्णता सोडतं. म्हणजे स्वतःच्याच उष्णतेनं ते मरत होतं. फक्त दाराजवळचा सहावा रांजण साडेचौतीस दाखवत होता. त्या रांजणाचं थर्मामीटर बिघडलंय असं समजून मी दुसरं आणायला सांगितलं.

एक थेंब काचेवर घेतला, त्यात निळा रंग मिसळला. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत पेशी रंगहीन राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पेशी मोजल्या. एक्केचाळीस निळ्या.

"मावशी, खरं सांगा," अनुया म्हणाली. "किती वेळ आहे?"

"असंच राहिलं तर उद्या सकाळपर्यंत. मग उरलेल्या साखरेवर दुसरे जंतू बसतील आणि त्याचा शिरका होईल, आंबट व्हिनेगर."

ती टेबलाच्या कडेला टेकली. सकाळी तिनं बर्फाच्या पिशव्या आणून रांजणांभोवती लावल्या होत्या. दोन तासांत बर्फ वितळला आणि तापमान एका अंशानं उतरून पुन्हा चढलं.

उल्हासनगर कॅम्प दोनमधले जयदेवशेठ त्या वेळी गोदामातच होते, मोजपट्टी घेऊन. स्टीलच्या टाक्या बनवायचा त्यांचा कारखाना. अनुयानं घाबरून सकाळीच त्यांना फोन केला होता.

"मी काय बोललो होतो बेटा? मडका म्हणजे मडका," ते भिंतीची लांबी मोजत म्हणाले. "पानी पिओ, दही जमाओ. धंदा करना है तो स्टील. असा पॉलिश देतो की तुमचा चेहरा दिसेल."

"आज माझा चेहरा न दिसलेलाच बरा, शेठ. टाकी कधी मिळेल?"

"टाकी तर उद्या. रेडी पीस आहे."

"आणि ती थंड करायचं मशीन?"

जयदेवशेठनी पट्टी गुंडाळली. "साईं, त्याला बारा दिवस पकडा. लाइटचं कनेक्शन पण मोठं लागणार, ते अलग."

"बारा दिवसांत सगळ्याचा शिरका होईल."

"तो सिरका बेचो ना बेटा! शुगरवाले लाइन लावून घेतात, माझी मिसेस रोज पिते." मग अनुयाकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. "मजाक केला. टेंशन नको घेऊ. मी बसतो इथे."

नवसीकाकी आली ती शेवटच्या चार टोपल्या घेऊन. सोबत तिची सून रविना, तिच्याही डोक्यावर दोन. आत पाऊल टाकताच काकी थांबली.

"दार का लावलाय गो? वारा कोंडून ठेवलाय सगला."

"तळघर बंद ठेवतात काकी," अनुया म्हणाली. "ऊन आत येऊ नये म्हणून."

"तलघर कुठं हाय? ह्यो तर पत्रा हाय." तिनं टोपली उतरवली आणि जवळच्या रांजणावर तळहात ठेवला, पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग उलट्या हातानं पुन्हा पाहिलं. दुसऱ्या रांजणाजवळ गेली, तिसऱ्या. हात कोरडा आहे की काय, म्हणून बोटं एकमेकांवर चोळली.

"बाय, यांना ताप आलाय," ती मला म्हणाली. "नि घाम तर नाय एकालाबी."

"घाम कसा येईल?" मी म्हटलं. "आतून मेण लावलंय. एक थेंब बाहेर येत नाही."

मी ते जरा अभिमानानंच म्हटलं, आणि वाक्य संपायच्या आत मला माझा आकडा दिसला.

अडीच लिटर.

टेबलाशी जाऊन कागदावर हिशेब केला, तोंडीही झाला असता. अडीच लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता निघून जाते, तेवढ्यानं दीडशे लिटर रस साडेनऊ अंशांनी थंड होतो. रोज साडेनऊ अंश. रांजण ते फुकट करणार होता. मी त्याची छिद्रं मेणानं बंद केली आणि खाली सही केली होती. इनेसचं तळघर डोंगराच्या पोटात, बारा महिने गार. तिथे रांजणाला घाम येण्याची गरजच नाही. तिचा डोंगर तिचा रस थंड ठेवतो. आमच्याकडे डोंगर नव्हता, पत्रा होता. आणि सहाव्या रांजणाचं थर्मामीटर बिघडलेलं नव्हतं. दाराच्या फटीतून त्याच्यावर रात्रभर गार वारा येत होता.

"काकी, मेण काढता येणार नाही आता," अनुया म्हणाली. "आत रस आहे."

"काढायचा कशाला? पोराला ताप आला की त्याचा चामडा काढतेस काय?" रविना तोंडावर पदर धरून हसली. काकीनं कोपऱ्यात पडलेलं टोपल्यांवरचं ओलं गोणपाट उचललं आणि पहिल्या रांजणाला गुंडाळलं. "वरून भिजव. घाम आतून येव नायतर भायेरून, वाऱ्याला काय ठाव?"

अनुयानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या मनातली शंका माझ्याही मनात होती. मे महिन्याच्या शेवटी इथली हवा दमट असते. दमट हवेत पाणी लवकर उडत नाही. मी थर्मामीटरच्या टोकाला कापसाची ओली वात बांधली, दुसरं थर्मामीटर कोरडंच ठेवलं, आणि दोन्ही दारात धरून पाच मिनिटं हलवली. कोरडं सदतीस. ओलं साडेसत्तावीस.

"साडेनऊ अंशांचं अंतर आहे, म्हणजे पाणी उडतंय," मी म्हटलं. "चालेल. वारा मात्र हवा."

"तेच तर मी आल्यापासनं बोलते," नवसीकाकी म्हणाली.

मग आम्ही हललो. दार उघडलं, समोरच्या भिंतीतली बुजवलेली खिडकी जयदेवशेठनी स्वतः पहार घालून मोकळी केली. पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून ताडपत्री ओढली. गोणपाटं कमी पडत होती. सहा रांजणांना दुहेरी वेढे द्यायला निदान चाळीस लागणार होती. जयदेवशेठ फोनवर कोणाला तरी सिंधीत दरडावत होते. तासाभरात साखरेच्या रिकाम्या पोत्यांचे दोन गठ्ठे टेम्पोनं आले. प्लास्टिकची नव्हे, तागाची, हे त्यांनी फोनवर तीनदा बजावलं होतं.

"टाकी विकायला आलो होतो," ते पोती सोडवत म्हणाले. "बारदान विकून चाललो. माझ्या पोराला सांगू नका, साला हसेल."

रांजणांच्या बुडाशी ओली वाळू रचली. पोती पाण्यात बुडवून, पिळून, सुतळीनं बांधली. नवसीकाकी प्रत्येक वेढ्याखाली बोट घालून बघत होती. सैल असला तर सोडून पुन्हा बांधायला लावायची. रविना आणि अनुया आळीपाळीनं तांब्यानं पाणी सोडत होत्या. मी दर अर्ध्या तासानं आकडा लिहीत होते. साडेतीनला सदतीस. चारला सदतीस. प्रत्येक आकड्याला अनुया माझ्या खांद्यावरून वहीत डोकावायची. साडेचारला छत्तीस पूर्णांक चार. पाचला पस्तीस पूर्णांक सहा. सहाला साडेचौतीस.

सहावा रांजण तिशीवर आला होता. त्यातलं यीस्ट सर्वांत धडधाकट. शंभरात फक्त नऊ निळ्या. त्यातला पाच-पाच लिटर रस काढून आम्ही बाकीच्या पाचांत विरजणासारखा ओतला. तेवढं मात्र मला आधीपासून येत होतं.

नवसीकाकी निघाली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. दारात तिनं विचारलं, "बाय, व्हईल ना?"

एकतीस वर्षं मी आकडा हातात आल्याशिवाय उत्तर दिलं नाही. तेव्हाही दिलं नाही. "सकाळी सातला सांगते," म्हटलं. तिला ते पटलं असावं. तिनं मान डोलावली.

सकाळी सातला ती माझ्या आधी येऊन उंबऱ्यावर बसली होती. काचेवर थेंब घेतला. निळ्या पेशी होत्याच; मेलेलं परत येत नाही. पण त्यांच्या मध्ये एका रंगहीन पेशीला बाजूनं लहानसा फुगवटा आला होता, कळी यावी तसा. यीस्ट असंच वाढतं. शेजारी आणखी एक. मी काकीला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. एक डोळा मिटायचा कसा हे कळेपर्यंत थोडा वेळ गेला. मग ती बराच वेळ हलली नाही.

"पोटुशी हाय," ती म्हणाली.

मी तिथून उठून तिसऱ्या रांजणाला कान लावला. इनेस लावते तसा. ओल्या गोणपाटाचा वास आला आणि आत, खूप बारीक, तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा आवाज. बारा वाजता गोडवा बारावर आला. दुसऱ्या दिवशी नऊवर.

सगळे वाचले नाहीत. पश्चिमेच्या भिंतीजवळचे दोन रांजण फार तापले होते. आठवड्याभरात त्यांचा शिरका झाला. जयदेवशेठनी त्यातल्या वीस बाटल्या बायकोसाठी आगाऊ सांगून ठेवल्या आणि ‘सिरका बेचो, मीच बोललो होतो,’ असं प्रत्येक भेटीत ऐकवलं. उरलेले चार रांजण पूर्ण झाले. मी चव घेण्यात तरबेज नाही, पण त्या रसात जांभळाचा तुरटपणा जिभेच्या कडेला धरून राहत होता आणि मागून मातीचा हलका वास येत होता. पाऊस लागून हवा थंड झाली तेव्हा आम्ही पोती सोडली.

अनुयानं सगळं इनेसला लिहून कळवलं होतं, माझ्या आकड्यांसकट. एका दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. सत्तरीकडे झुकलेली, कापलेले पांढरे केस, हातावर गडद डाग. आधी तिनं माझी माफी मागितली. मेणाची जाडी सांगितली, पण तळघराचं तापमान सांगायचं राहिलं, म्हणाली. तिथे सगळ्यांना ते माहीतच असतं. मी म्हटलं, विचारायचं काम माझं होतं. मग ती मुद्द्यावर आली. त्यांच्याकडेही उन्हाळे वाढलेत, द्राक्षं तीन आठवडे आधी पिकतात, आणि वरच्या शेडमध्ये ठेवलेले चार रांजण गेल्या वर्षी तापले होते. यंत्र बसवायची तिची इच्छा नव्हती. तिच्या गावात एका जातीच्या गवताच्या चटया विणतात. त्या भिजवून गुंडाळल्या तर? आणि पाणी किती किती वेळानं द्यायचं?

अनुयानं प्रश्न मराठीत करून शेजारी बसलेल्या नवसीकाकीला विचारला. काकी फोनकडे बघून सरळ इनेसशीच मराठीत बोलली.

"हात लाव नि बघ. सुकला वाटला तर दे."

अनुयानं ते इंग्रजीत सांगितलं. इनेसनं लिहून घेतलं. तिनं पेन्सिलीनं ते एक वाक्य वहीत लिहिताना मला स्पष्ट दिसलं.

हिरामण आला तो आषाढात, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला, लावणीतून थेट. पाय बाहेरच्या हौदावर धुऊन आत आला. अनुयानं पेला पुढे केला. त्यानं गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. तो घेत नव्हता. माझ्याकडे वळला.

"बाय, तुमी खोटा नाय बोलनार. किती झाली, किती गेली?"

"सहातले दोन रांजण बिघडले. चार चांगले आहेत. बिघडले ते आमच्या चुकीनं, फळाच्या नाही."

त्यानं रांजण मोजले, जणू माझा आकडा पडताळून बघत होता. मग पहिल्यावर तळहात ठेवला. वहिनीसारखाच.

"सहातले चार," तो म्हणाला. "भातबी बऱ्या सालाला एवढाच देतो." त्यानं हात काढून घेतला. "वैनी बोलली, ती परदेशची बाई आमाला विचारून लिवून घेते."

"हो. लिहून घेतलं तिनं."

"झाडं ऱ्हातील. खालच्या फांद्या मातर उतरवनार मी. भाताला ऊन लागाया पायजे."

अनुयानं माझ्याकडे पाहिलं. मी मनात हिशेब केला. खालच्या फांद्या गेल्या तर फळ थोडं घटेल, भात सुधारेल. "उतरवा," मी म्हटलं. "लाकूड मात्र विकू नका. जांभळाचं लाकूड पाण्यात कुजत नाही. रांजणांना झाकणं हवीत, आणि बुडाखाली पाट."

"सहा?"

"पुढच्या वर्षी बारा," अनुया म्हणाली.

हिरामणनं कंबरेची सुतळी सोडली, रांजणाच्या तोंडावर आडवी धरली आणि माप घेऊन तिला गाठ मारली. मी वही उघडली. गळती शून्य या ओळीशेजारी नवा रकाना आखला आणि त्यावर लिहिलं : बाहेरून दिलेलं पाणी, लिटर. मग तो प्रत्येक रांजणाचं माप घेत पुढे गेला, आणि मी मागून आकडे लिहीत गेले.